चार गोळ्या कापून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत पक्षाघातावरचा लेख वाचला. २९ ऑक्टोबरचा जागतिक पक्षाघात दिन जवळ आला म्हणून तो घेतला असावा. तोंड वाकडं होणं, एक हात गळून पडणं, बोलताना जीभ अडखळणं ही लक्षणं इतकी सोपी करून सांगितली होती, की ते पान मी कापून दुकानाच्या काउंटरवर काचेखाली लावलं आहे. लेखाच्या शेवटी कारणं दिली होती: बैठं काम, ताणतणाव, खाण्याच्या चुकीच्या सवयी. मग उपाय: रोज चाला, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण बत्तीस वर्षं ज्या काउंटरमागे उभा आहे, तिथून मला या आजाराचं आणखी एक कारण दिसतं. घरात पैसा किती येतो आणि कधी येतो, हे ते कारण. लेखात ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. पुढे ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. जमीन कोरडवाहू, हलकी. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या सुमाराला. मागे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि दारची शेळी राहते. माझं गिऱ्हाईक हेच. पक्षाघात हा शब्द आमच्याकडे चिठ्ठीवर असतो. घरात म्हणतात, "अंगावरून वारं गेलं."

रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट साधारण दहाचं. ज्याला कमी हव्या असतात त्याला आम्ही कात्रीने कापून देतो. कापताना एक शिस्त पाळावी लागते. ज्या टोकाला मुदतीची तारीख आणि बॅच नंबर छापलेला असतो तो तुकडा दुकानात ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या टोकाकडच्या गोळ्या द्यायच्या. त्यामुळे जो चार गोळ्या नेतो त्याच्या हातात गोळीचं अख्खं नावसुद्धा जात नाही. पुढच्या वेळी तो खिशातून तोच रिकामा चमकता तुकडा काढतो आणि म्हणतो, "हीच द्या दादा, चारच द्या." किती गोळ्या हव्यात एवढं ऐकलं तरी मला त्या घराची मिळकत कळते. पगार किंवा पेन्शन असलेलं घर महिन्याच्या, तीन महिन्यांच्या गोळ्या नेतं. रोजंदारीवरचं घर चार नेतं.

दोन माणसांचं सांगतो. बाजारतळावर एकदा तपासणी शिबिर भरलं होतं. तिथे एकाच सकाळी दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला, दोघांचाही वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे. एक निवृत्त गुरुजी. दुसरा ऊसतोड करणारा, गुरुजींपेक्षा तीस वर्षांनी लहान. दोघांच्या चिठ्ठीवर एकच गोळी, अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम, रोज एक. गुरुजी आजही दर तीन महिन्यांनी येतात, नव्वद गोळ्या मोजून घेतात, घरी कॅलेंडरवर खूण करतात. त्यांचा वरचा आकडा एकशे तीसच्या आसपास असतो. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातात. दुसऱ्या माणसाच्या अंगावरून त्रेचाळिसाव्या वर्षी वारं गेलं.

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नसते. ती अंगात हळूहळू साचते आणि हळूहळूच उतरते. रोज घेतली तर आठवड्याभराने तिचं रक्तातलं प्रमाण स्थिर होतं, आणि आकडा पुरता खाली यायला त्याहून जास्त दिवस लागतात. चार दिवस घेऊन थांबलेल्या माणसाला तिचा खरा गुण कधी मिळतच नाही. त्याने गोळी घेतली, पैसे गेले आणि दाब जिथे होता तिथे परत चढला. वर त्याची समजूत होते, की आपण औषध घेतो. रक्तदाबाचं दुखत तर काहीच नाही, त्यामुळे "आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला" हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी ऐकतो. वरचा आकडा नुसता दहाने खाली आला तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. गुरुजींचा चाळीसने खाली आला.

त्या माणसाच्या नावाची उधारीची वही मी परवा पुन्हा काढून बसलो. जूनमध्ये दहा गोळ्या. मग पेरणी आली, बी-खत आलं; जुलैत चार. ऑगस्टमध्ये चार, आणि त्याच पानावर धाकट्या मुलाच्या तापाचं औषध, ते पूर्ण बाटली. लेकराचं औषध कुणी अर्धं नेत नाही. सप्टेंबर कोरा. ऑक्टोबरमध्ये, टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी, वीस गोळ्या. सहा महिन्यांना वीस गोळ्या. त्या मीच मोजून दिल्या. तेव्हा घाई होती, दुकानासमोर ट्रक भरत होते, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, सरपण, एकेक वर चढवत होते. मी विचारलं नाही, की पुढचं काय. ते अजून मनातून जात नाही.

कुणी म्हणेल, एका गोळीला दोन-तीन रुपये पडतात, शंभराच्या आत महिना निघतो, एवढेही नाहीत का? असतात. पण गुरुजींना पेन्शन दर महिन्याला येते, म्हणून गोळीचा खर्च दर महिन्याला बसतो. ऊसतोडीच्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो, तोडीआधी मुकादमाने आगाऊ दिलेली उचल म्हणून, आणि आला तसा आधीच्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात जातो. त्यानंतर हातात राहतं ते आठवडी बाजारापुरतं. त्या पैशात तेल, मीठ, मिरची, वही-पेन यांच्यामागे रक्तदाबाची गोळी उभी असते, आणि तिचा नंबर लागत नाही. वर्षाची मिळकत मोजताना ही गोष्ट आकड्यात येत नाही. दोन घरांची वर्षाची मिळकत सारखी असली तरी एकाच्या घरी गोळी अखंड असते आणि दुसऱ्याच्या घरी तुटक.

सरकारी दवाखान्यात ही गोळी फुकट मिळते, हेही खरं. मी स्वतः गिऱ्हाइकांना तिकडे पाठवतो. तिथल्या सिस्टर, आशाताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी मनापासून काम करतात. पण गोळ्या साधारण एका महिन्याच्या मिळतात. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं, रांगेत थांबायचं, म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. फुकटच्या गोळीची किंमत मजुराला एक रोज पडते. मधेच दुसऱ्या कंपनीचा माल येतो, पांढरी गोळी पिवळी होते, तर म्हातारी माणसं घाबरून ती घेतच नाहीत आणि माझ्याकडे दाखवायला आणतात.

आणि ऊसाच्या फडात तर एका दिवसाची मजुरी जाण्यावर भागत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक दिवस काम बंद म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. परक्या जिल्ह्यातला दवाखाना कुठे हे माहीत नाही, आपलं कार्ड गावाकडच्या फायलीत, आणि जायचं तर खाडा. नोव्हेंबरच्या मध्यावर त्याच्या वीस गोळ्या संपल्या असणार. जानेवारीत तो पडला.

त्याच्या बायकोने मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. "रात्री म्हणले, डोकं धरलंय. म्हणलं, उद्या खाडा करू, दवाखान्यात जाऊ. म्हणले, खाडा परवडत नाही, गाडी भरून झाली की झोपतो. चारला उठले. थंडी लई होती. कोपीच्या बाहेर चप्पल घालताना उजवा पाय उचलंना. मला हाक मारायला गेले तर शब्दच फुटंना."

त्यानंतर काय काय झालं ते ऐकताना मी मनात घड्याळ लावून बसलो होतो. कुणी म्हणालं, अंगावर पांघरूण घाला, उन्हं वर आली की बरं वाटेल. कुणी म्हणालं, वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळायला पाहिजे. दोघं जण कबूतर शोधायला गेलेही. ही समजूत आमच्याकडे अजून आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांच्या पाहण्यात लकवा झालेला माणूस दवाखान्यातून बरा होऊन आलेलाच नसतो. सात वाजता मुकादमाची जीप मिळाली. १०८ नंबर कुणाला सुचला नाही. ही मोफत रुग्णवाहिका आपल्याकडे २०१४ पासून आहे, पण परक्या शिवारात आपण नेमके कुठे आहोत हे फोनवर सांगायचं कसं, हाही प्रश्न होताच. पहिल्या दवाखान्यात सलाईन लावून तासभर ठेवलं. तिथे सीटी स्कॅन नव्हता. जिथे होता तिथे पोचेपर्यंत साडेअकरा वाजले.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी पहिले साडेचार तास असतात. ते डोळे मिटून देता येत नाही. आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं, कारण रक्तस्रावात तेच इंजेक्शन जीव घेतं. या माणसाच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. वेळेत पोचला असता तर इंजेक्शनचा विचार तरी झाला असता. साडेसात तासांनी ती वेळ निघून गेली होती. शहरात गुठळी तारेने ओढून काढतात, तेही काही रुग्णांमध्ये उशिरापर्यंत करता येतं असं वाचलंय, पण ती सोय असलेलं शहर तिथून आणखी लांब.

दवाखान्याचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागला, त्याबद्दल मी सरकारचे आभार मानतो. योजना नसती तर त्या घराची दोन एकर जमीन गेली असती. पण योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची. घरी आल्यावरची गोळी, काठी, व्यायाम, रोजची मिळकत हे सगळं तिच्या बाहेर आहे. हंगाम अर्ध्यावर सुटला म्हणून उचल फिटली नाही, बाकी अंगावर राहिली. माझी मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती सांगते, हातापायात जी ताकद परत येते त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत येते, म्हणून तिचे रुग्ण आठवड्यातून तीनदा येतात. आमच्या इथून व्यायामासाठी जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून तीनदा कोण जाणार? एसटीत चढवायलाच दोन माणसं लागतात. मुलीने मोबाईलवर व्यायाम करून दाखवले, त्याच्या बायकोने ते शिकून घेतले आणि दारातल्या खाटेवर रोज करून घेतले. त्यामुळे आज तो काठी टेकत चालतो. शब्द अजून पुरते येत नाहीत. उजवा हात कोयता धरत नाही.

त्याची थोरली मुलगी त्या वर्षी दहावीला होती, आजीजवळ राहून शिकत होती. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली, पासही झाली. अकरावीला गेली नाही. पुढच्या हंगामात आईबरोबर फडात गेली, कारण एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी.

हे एका घराचं झालं, म्हणून कुणी बाजूला सारू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतल्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला, दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झालेले होते. गडचिरोलीतला शेतकरी, मजूर खुर्चीवर बसून काम करत नाही. मिश्री, खर्रा, तंबाखू तिथेही आहे आणि आमच्याकडेही, ते नाकारण्यात अर्थ नाही. दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्याची भूक तंबाखू मारते, म्हणून ती सुटत नाही. पण २०१४ साली 'प्युअर' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १७ देशांतले दीड लाखावर लोक त्यात होते, भारतातलेही. त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टी श्रीमंत देशांतल्या लोकांत जास्त दिसल्या, आणि हृदयविकार, पक्षाघातासारखे गंभीर झटके आणि त्यातले मृत्यू मात्र गरीब देशांत जास्त. धोका कमी असलेला माणूस जास्त मरत होता. मला त्यात माझं काउंटर दिसलं. दाब गुरुजींचाही वाढलेला होता; फरक पुढे पडला.

उपचार फुकट केले की हा फरक मिटेल, असंही मी एकेकाळी समजत होतो. स्वीडनसारख्या देशात उपचाराचा बहुतेक भार सरकार उचलतं, तरी तिथेसुद्धा पक्षाघातानंतर कमी मिळकतीच्या लोकांत मृत्यू जास्त दिसतात, हे वाचल्यावर माझा तो समज गेला. दवाखाना फुकट असणं आणि दवाखान्यात जाण्याचा दिवस परवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की टोळी निघण्याआधी प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाच्या हातात हंगामभराच्या गोळ्या द्या. एका महिन्याच्या नकोत, पाडव्यापर्यंतच्या द्या. दसरा ते दिवाळी हे आठवडे ठरलेले असतात, माणसं गावात असतात, आशाताईंना घरं माहीत असतात. उपकेंद्रावर दाब मोजा, कार्डावर गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आणि ते कार्ड राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू द्या. रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाला महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांतून सुरुवात झाली त्यात सातारा होता. आमची माणसं त्याच साताऱ्याच्या शिवारात वर्षातले पाच-सहा महिने राहतात. साखर कारखान्यांनीही एवढं करावं, की महिन्यातून एकदा फडावर दाब मोजायला माणूस पाठवावा आणि त्या तासाचा खाडा धरू नये. सीटी स्कॅन, फिजिओथेरपी तालुक्यापर्यंत यायला वर्षं लागतील, हे मला समजतं. गोळ्यांना वर्षं लागायची गरज नाही.

मी माझ्यापुरतं काही करतो. ज्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे आणि ज्यांना मी ओळखतो, त्यांना निघताना पूर्ण हंगामाच्या गोळ्या उधारीवर देतो. परत आल्यावर ते पैसे देतात, पाडव्याला नाही तर अक्षय्य तृतीयेला. आजवर कुणी बुडवलेले नाहीत. पण एका दुकानाच्या वहीत किती माणसं मावणार? आणि गोळी चालू ठेवून मधे तपासायला कुणी नसणं, हेही बरोबर नाही. ते काम दवाखान्याचं आहे, माझं नाही.

सध्या दुकानासमोर दोन खुर्च्या टाकून दाब मोजायचं मशीन ठेवलं आहे. परवा त्या माणसाची बायको त्याच्या गोळ्या न्यायला आली होती. मी तिला बळेच खुर्चीत बसवलं. "माझं कशाला बघता भाऊ, मला काय झालंय," म्हणाली. वरचा आकडा १५८ आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, १६२. आता तिच्याकडेही चिठ्ठी आहे आणि तीस गोळ्या आहेत. भाऊबीज झाली की मायलेकींची टोळी निघणार आहे.

आपला एक वाचक,
औषधविक्रेता, जि. बीड